तिसाव्या सिटिंगनंतरचं तोंड

रेडिएशनचं तिसावं सिटिंग संपतं. डोकं हलू नये म्हणून लावलेल्या मास्कच्या खिट्ट्या सुटतात, टेबल खाली येतं, तंत्रज्ञ हात धरून उतरवतो आणि म्हणतो, "झालं, उद्यापासून यायचं नाही." सहा आठवडे रोज ठरल्या वेळी येण्याची सवय झालेली असते. त्या दिवशी हातात पडतं ते डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि पुढची तारीख. पुढं घरी काय करायचं हे कार्डाच्या शेवटी एका ओळीत असतं: तोंडाची निगा, जबड्याचे व्यायाम, नियमित तपासणी. ही एक ओळ प्रत्यक्षात दोन वर्षांचं रोजचं काम आहे, आणि त्यातला काही भाग तर जन्मभराचा. त्या कामाबद्दलच हे लिहिलं आहे.

माझा आजार म्हणजे डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. आधी शस्त्रक्रिया झाली, मानेतल्या गाठीही काढल्या, आणि मग रेडिएशन: ३० सिटिंग, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), आठवड्याला पाच दिवस. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नाही, त्यांना रेडिएशनबरोबर बहुधा आठवड्याची केमो असते आणि ३३ ते ३५ सिटिंगमध्ये ६६ ते ७० ग्रे दिले जातात. स्तन, प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या रेडिएशननंतरची काळजी वेगळी; त्यांनी यातलं फारसं लावून घेऊ नये. हे तोंड, जीभ आणि घसा यांच्यापुरतं आहे. पुण्यात रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकांवर सातारा, नगर, सोलापूरकडून आलेले तोंडाचे रुग्ण कायम भेटतात. कुणी 'लाईट घेतली' म्हणतं, कुणी 'शेक दिला' म्हणतं, पण घरी गेल्यावरच्या अडचणी सगळ्यांच्या सारख्याच.

घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो तो नातेवाइकांचा: लहान मुलाला जवळ घेतलं तर चालेल का, भांडी वेगळी ठेवायची का? बाहेरून मशीनने दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. मशीन बंद झालं की किरण संपले. मुलाला मांडीवर घ्यावं, एका ताटात जेवावं, काहीही होत नाही.

मात्र मशीन बंद झालं तरी किरणांनी घडवलेला परिणाम पुढं चालू राहतो, आणि हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. शेवटच्या सिटिंगनंतर तोंड सुधारायला लागेल असं वाटत असतं, आणि होतं उलट. पुढचे सात ते चौदा दिवस सगळ्यात वाईट जातात. तोंडातली आणि कातडीतली जुनी पेशी झडली की खालून नवी यायला हवी. रेडिएशनने ती नवी फळीच कमी केलेली असते, त्यामुळं उणीव दिसायला वेळ लागतो आणि भरायलाही लागतो. मानेची कातडी साधारण तीन ते चार आठवड्यांत सावरते. तोंडातल्या जखमा भरायला चार ते सहा आठवडे, केमो सोबत असेल तर आणखी थोडे जास्त. म्हणून वेदनेची गोळी "आता रेडिएशन संपलं" म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. जेवणाआधी अर्धा तास गोळी घेतली तर दोन घास जास्त जातात, आणि या दिवसांत ते दोन घासच महत्त्वाचे असतात.

गुळण्यांचं पाणी घरीच करायचं. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी. गुळणी जोरात खळखळवायची गरज नाही, पाणी तोंडात धरून हळू फिरवलं तरी पुरतं. दुकानात मिळणारे झोंबणारे माउथवॉश टाळायचे. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत अल्कोहोल असतं आणि ते कोरडं तोंड आणखी कोरडं करतं. हळदीची गुळणी, तुरटी, लवंगेचं तेल असे सल्ले घरोघरी मिळतात. उघड्या जखमेवर यातलं काहीही लावू नये.

तोंडात दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले, किंवा बरी होत आलेली जळजळ अचानक वाढली, चव आणखी बिघडली, तर ती बहुधा बुरशी असते. लाळ कमी झाली की ती सहज वाढते. क्लोट्रिमॅझोलचे थेंब किंवा गोळी डॉक्टर लिहून देतात आणि काही दिवसांत फरक पडतो. हिला जखम समजून सहन करत बसणारे खूप आहेत, म्हणून सांगितलं.

मानेच्या कातडीला साबण घासायचा नाही, पावडर लावायची नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं लावायचं. दाढी ब्लेडने करायची नाही. तसंही त्या भागात केस विरळ येतात, कुणाकुणाला येतच नाहीत. पुण्यात अडचण होते ती दुचाकीची. हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीखाली घासतो, आणि उन्हासाठी तोंडाला बांधायचा स्कार्फ सिंथेटिक असला तर तोही घासतो. कातडी पूर्ण भरेपर्यंत गाडी चालवू नये, नंतर पट्ट्याखाली मऊ सुती कापड घ्यावं आणि स्कार्फ सुतीच वापरावा. त्या कातडीला ऊन पुढंही सोसत नाही, आणि गरम-गारची जाणीवही कमी झालेली असते. मान आखडली म्हणून गरम पाण्याची पिशवी लावली तर कळायच्या आत भाजतं.

आता खाण्याकडे. या काळात वजन हेच मोजमाप. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. महिन्याभरात दोन किलोहून जास्त घटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. साठ किलोच्या माणसाला भरून येण्यासाठी दिवसाला साधारण १८०० ते २१०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. पेज आणि नारळपाण्यावर हा आकडा कधीच गाठता येत नाही. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, साठ ग्रॅम मूगडाळीतून १४, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९, मूठभर शेंगदाण्याच्या बारीक कुटातून ७, आणि दिवसभराच्या भात-ज्वारी-नाचणीतून आणखी १५-२० असं जमवत गेलं तर हिशेब जुळतो. नाचणीची पेज पाण्याऐवजी दुधात करायची, मुगाच्या वरणात तूप सढळ हातानं घालायचं, भाकरी दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून मिक्सरमधून काढायची. मधुमेह असेल तर साखर-गुळाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचंही तसंच.

नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न घालायची नळी, असेल तर ती कधी काढायची हे आपण ठरवायचं नाही. ट्यूब असतानाही दिवसातून अनेकदा थुंकी आणि जमेल तितकं घोटभर पाणी, थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर, तोंडानं गिळत राहायचं. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर काही आठवड्यांतच सुस्तावतात आणि त्यांना परत कामाला लावणं कठीण जातं. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरता होत असेल, वारंवार कफ-ताप येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. काही जणांना ठसका न लागताही ते जातं. त्यासाठी गिळण्याची तपासणी असते: बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेचं चलचित्र काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात. हे काम स्पीच थेरपिस्टचं. 'मला तर बोलता येतं, मग स्पीच थेरपिस्ट कशाला' असं म्हणून हा विभाग टाळणारे बरेच असतात, आणि नुकसान त्यांचंच होतं.

दीड-दोन महिन्यांत तोंड भरतं, वेदना उतरतात, माणसं भेटायला येऊन "आता बरे दिसताय" म्हणतात. नेमकं इथेच बहुतेकांचं व्यायाम करणं सुटतं. जबड्याचं आखडणं मात्र याच सुमारास जोर धरायला लागतं. रेडिएशनने चघळण्याच्या स्नायूंत हळूहळू दोरीसारखे तंतू तयार होतात. ही क्रिया महिनोन्‌महिने, काहींच्यात वर्षानुवर्षं चालते. आधीपासून सुपारी-गुटख्यानं गाल ताठरलेले असतील तर दोन्हीची बेरीज होते.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तोंड उघडण्याबद्दल, कारण पुढचं बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे. तोंड उघडलं नाही तर ब्रश मागच्या दाढांपर्यंत जात नाही. दातांच्या मापाचा साचा घेता येत नाही. रूट कॅनालचं यंत्र आत बसत नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना गालाचा मागचा कोपरा दिसत नाही, म्हणजे आजार परत आला तरी उशिरा कळतो. आणि कधी भूल द्यायची वेळ आली तर श्वासाची नळी घालणं अवघड होऊन बसतं.

मोजायचं असं. आरशासमोर बसून तोंड जितकं उघडेल तितकं उघडायचं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर प्लॅस्टिकच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये घ्यायचं. धडधाकट माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. ३५ मिलिमीटरच्या खाली आलं की त्याला आखडलेलं तोंड म्हणतात. रविवारी सकाळी मोजायचं, वजनाच्याच वहीत लिहायचं. माझं शेवटच्या सिटिंगला २६ होतं. वर्ष संपता संपता ३६ झालं, आणि त्यातही बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांतली.

व्यायामाला महागडं उपकरण मिळतं, पण आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांवर काम भागतं. स्टेशनरीच्या दुकानात त्या पाकिटात मिळतात. कडा खरखरीत असतील तर घासून गुळगुळीत करायच्या, आणि वापरलेल्या रोज धुऊन वाळवायच्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाड. जितक्या काड्यांची गड्डी वरच्या-खालच्या दातांमध्ये सहज बसते तितकी बसवायची आणि मग गड्डीच्या मधोमध एक काडी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. तीस सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा. दिवसातून पाच खेपा. काड्या चावायच्या नाहीत. चावलं की ज्या स्नायूला सैल करायचं तोच घट्ट होतो. पुढचे दात हलत असतील किंवा नसतीलच तर गड्डी कुठं ठेवायची ते फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावं. आधी तोंडात कोमट पाणी धरून दोन मिनिटं बसलं की ताण सोपा जातो.

चुकतं कुठं? एक तर सकाळी उत्साहात खूप ताणतात, दुसऱ्या दिवशी दुखतं, आणि मग आठवडाभर बंद. रोज थोडं केलेलंच टिकतं. दुसरं, दोन-तीन महिन्यांनी आकडा वाढायचा थांबला की उपयोग संपला असं समजतात. त्या टप्प्यावर व्यायाम आकडा वाढवण्यासाठी नसतो, घसरू न देण्यासाठी असतो. पहिल्या वर्षी पाच खेपा, पुढं दोन, पण सोडायचं कधीच नाही. आणि नीट व्यायाम चालू असताना आकडा महिन्याभरात पाच-सहा मिलिमीटर अचानक उतरला तर तो आखडणं नसून संसर्ग किंवा आजार परतल्याची खूण असू शकते. वही घेऊन लगेच दाखवायला जायचं. नुसतं "तोंड कमी उघडतंय" सांगण्यापेक्षा "३६ होतं, चार आठवड्यांत ३० झालं" हे सांगणं डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

आता दात. लाळ दातांना सतत धुते, आम्लाचा मारा बोथट करते, दातांतून गेलेले क्षार परत भरते. रेडिएशनमध्ये कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी येतात, लाळ कमी होते, जी उरते ती चिकट असते. मग कीड नेहमीच्या जागी, म्हणजे दाढेच्या खळग्यात, न लागता हिरडीजवळ दाताच्या मानेला गोल फिरते, आणि दात एक दिवस तिथूनच मोडतो. दुखतही नाही फारसं. सहा महिन्यांत चांगली बत्तिशी खिळखिळी होऊ शकते.

यावरचा उपाय फ्लोराइड. दातांच्या डॉक्टरांकडून वरच्या आणि खालच्या दातांच्या मापाचे मऊ ट्रे करून घ्यायचे. त्यात १.१ टक्का न्यूट्रल सोडियम फ्लोराइडची जेल पातळ पसरायची, रात्री ब्रश झाल्यावर पाच ते दहा मिनिटं लावून ठेवायची, नंतर थुंकायचं. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेल गिळायची नाही. आम्ल असलेली जेल कोरड्या तोंडाला झोंबते, म्हणून 'न्यूट्रल' हा शब्द बघून घ्यायचा. ट्रे करायला साचा घ्यावा लागतो आणि साच्यासाठी तोंड उघडावं लागतं. म्हणून हे काम पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकावं. ब्रश एकदम मऊ, दिवसातून दोनदा, दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी. सुरुवातीच्या वर्षात तीन-चार महिन्यांनी. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला आणि पिंपरीला डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी एकाच छताखाली शस्त्रक्रिया, रूट कॅनाल आणि कवळी यांचे वेगवेगळे विभाग असतात, त्यामुळं रेडिएशन झालेल्या जबड्याला ते सोयीचं पडतं.

दात काढण्याबद्दल मात्र एकच नियम: रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढायचा नाही. या वर्षी नाही, पाच वर्षांनी नाही, पंधरा वर्षांनीही नाही. किरणांनी जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड घडवणाऱ्या पेशी कमी होतात. साध्या जबड्यात दाताची खाच काही आठवड्यांत भरते. इथं ती भरत नाही, हाड उघडं पडतं, पू होतो, आणि पुढं जबडाच मोडण्यापर्यंत जाऊ शकतं. खालच्या जबड्याला धोका वरच्यापेक्षा जास्त, कारण त्याचं हाड घट्ट आणि रक्तपुरवठा कमी. ६० ग्रेच्या वर डोस गेलेल्या भागात आणखी जास्त. वर्षं गेली म्हणून हा धोका मिटत नाही, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पाच वर्षांनी घराजवळच्या दवाखान्यात दाढ दुखते म्हणून गेलं, मानेवरच्या खुणा पुसट झालेल्या, डॉक्टरांनी विचारलं नाही आणि रुग्णाने सांगितलं नाही, की झालं.

दात साफ करणं, चांदी किंवा सिमेंट भरणं, रूट कॅनाल हे सगळं चालतं. दात वाचण्यापलीकडे गेला असेल तरी पुष्कळदा रूट कॅनाल करून वरचा भाग हिरडीपर्यंत कापतात आणि मूळ हाडातच राहू देतात. काढणं अगदीच टळत नसेल तर अशा जबड्यांचा अनुभव असलेल्या सर्जनकडे, एका वेळी एक-दोनच दात, प्रतिजैविकं चालू ठेवून. काही ठिकाणी आधी आणि नंतर पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई देतात. कवळी टोचत असेल तर ती तशीच वापरत राहू नये, कारण टोचलेल्या जागेतूनही हाड उघडं पडू शकतं.

दातांच्या सर्जनला आपल्याकडून जाणून घ्यायचं असतं ते हे: ज्या जागचा दात काढायचा, तिथल्या हाडाला नेमके किती ग्रे गेले? हा आकडा रेडिएशनच्या प्लॅनमध्ये असतो, डिस्चार्ज कार्डावर सहसा नसतो. म्हणून उपचार संपताना विभागात अर्ज देऊन तो मागून घ्यावा. एका ठिकाणी मला नुसतं 'रेडिएशन पूर्ण' एवढंच लिहिलेलं कार्ड मिळालं होतं. त्यावर कुणीही काही ठरवू शकत नाही. कार्डावर हवंच हवं: कुठल्या भागाला, एकूण डोस, सिटिंगची संख्या, पहिल्या आणि शेवटच्या सिटिंगची तारीख, तंत्र कोणतं, सोबत केमो कोणती आणि किती वेळा.

तोंडाचा कोरडेपणा पूर्ण जात नाही, पण वर्ष-दीड वर्षापर्यंत थोडी थोडी लाळ परतत राहते. चवही तशीच. पहिल्या एक-दोन महिन्यांनंतर गोड-खारट यायला लागतं आणि पूर्ण यायला वर्ष लागू शकतं. पुण्याचा मार्च ते मे हा काळ कोरड्या तोंडाला सगळ्यात जड. हवेत ओल नसते, रात्री पंख्याखाली झोपलं की पहाटे जीभ टाळ्याला चिकटलेली. पाण्याची लहान बाटली कायम सोबत, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. एकदम तांब्याभर पिऊन उपयोग नाही, नुसतं लघवीला जावं लागतं. झोपताना बोटानं थोडं साजूक तूप किंवा खोबरेल तेल गालांना आतून आणि ओठांना लावलं की तीन-चार तास बरे जातात. पंखा थेट तोंडावर नको. साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम चालतं. खडीसाखर, आवळ्याची सुपारी, लिंबाच्या गोळ्या तोंडात धरण्याची सवय मात्र दात खाऊन टाकते. पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी उरलेली ग्रंथी जास्त लाळ सोडते, पण दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून विचारूनच. पोळी-चिवडा-फरसाण कोरडं गिळत नाही. प्रत्येक घासाबरोबर ताक किंवा आमटी लागते. मिसळीची तर्री कित्येकांना पुढं कायमचीच झोंबते.

दोन ते सहा महिन्यांच्या सुमारास हनुवटीखाली मऊ पिशवीसारखी सूज येते. सकाळी जास्त, दिवस वर येईल तशी कमी. गाठी काढल्यामुळे आणि रेडिएशनमुळे लसीकेचा, म्हणजे ऊतींमधल्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा मंदावतो, म्हणून ती. उशी उंच घेऊन झोपावं आणि निचऱ्याचा हलका मसाज फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. घट्ट, एका बाजूची, सकाळ-संध्याकाळ तशीच राहणारी आणि वाढणारी गाठ ही वेगळी गोष्ट, ती दाखवायची. याच काळात मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखं कुणाकुणाला होतं. मज्जारज्जूवर पडलेल्या किरणांचा हा तात्पुरता परिणाम असतो आणि बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप जातो. डॉक्टरांना सांगावं, पण रात्र जागून काढू नये.

तपासण्यांचं वेळापत्रक साधारण असं चालतं. पहिली भेट दोन ते सहा आठवड्यांत. मग पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी चार ते आठ, आणि त्यानंतर वर्षातून एकदा. सुरुवातीला इतक्या जवळच्या तारखा असतात, कारण आजार परतायचा झाला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच परततो. खरी तपासणी म्हणजे डॉक्टरांचं बोट, आरसा आणि दुर्बीण. दर वेळी स्कॅन लागत नाही. पेट स्कॅन (आजाराची जागा चमकून दाखवणारा स्कॅन, पोटाचा नव्हे) लिहिला असेल तर तो बारा आठवड्यांच्या आधी उरकू नये. रेडिएशनमुळे झालेला दाह शरीरात चालू असतो, आणि स्कॅनमध्ये तो आजारासारखाच चमकतो. लवकर केलेल्या स्कॅनने घरभर विनाकारण भीती पसरते आणि सुईची तपासणीही मागं लागते.

मानेला रेडिएशन झालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावणं हा अगदी नेहमीचा परिणाम आहे. दमणूक, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, मन खिन्न राहणं ही सगळी लक्षणं "आजारपणाचा थकवा" म्हणून खपून जातात, आणि एका रक्ततपासणीनं उलगडतात. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि ती बहुधा कायमची. सिस्प्लॅटिनची केमो झाली असेल तर कानांचीही तपासणी करून घ्यावी. मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्याही पुढं अरुंद होऊ शकतात, म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं हे याच काळजीत मोडतं.

तारखेची वाट बघायची नाही अशी लक्षणं: तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, मानेत नवी गाठ, एका बाजूचा सततचा कानदुखीचा सणका, बदललेला आवाज, उघडं दिसणारं हाड, घास जायचा अडणं. श्वास लागणं किंवा तोंडातून वा मानेतून धो-धो रक्त येणं यात फोनाफोनी करायची नाही, थेट आपत्कालीन विभागात.

तंबाखू. रेडिएशन चालू असताना सुटलेली असते, कारण जखमेला झोंबते. तोंड भरलं की चार महिन्यांनी हळूच परतते, आधी भाजलेल्या बडीशेपेतली सुपारी म्हणून, मग मिश्री म्हणून. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, सुपारी मात्र प्रत्येक टपरीवर आहे. ज्या तोंडात एक कॅन्सर झाला त्यात दुसरा उगवायला हीच पुरते. एकट्याला सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, समुपदेशक स्वतःहून पुन्हा फोन करतात. घरात कुणी मिश्री लावत असेल तर डबी घरातून जाणं दोघांच्याही हिताचं.

खर्चाचं थोडं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर आपल्या उपचाराला फॉलोअपचं पॅकेज लागू आहे का, हे त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी समाजसेवा विभागात उत्पन्नाची कागदपत्रं न्यावीत. बाहेरगावहून तपासणीला येणाऱ्या कॅन्सर रुग्णांना रेल्वेत सवलत मिळते, त्याचं प्रमाणपत्र रुग्णालय देतं. एसटीतही सवलत आहे. तारखा घेतानाच रेडिएशनचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि रक्ततपासणी एकाच दिवशी मागून घ्याव्यात. मागितल्या तर बहुधा मिळतात.

फाइलमध्ये बायोप्सीचा आणि शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, रेडिएशनचं कार्ड, स्कॅनच्या सीडी आणि ती वजन-तोंडाची वही. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढावी. आणि पाकिटात, आधार कार्डाच्या मागं, लॅमिनेट केलेला एक लहान कागद. माझ्या कागदावर एवढंच आहे: 'डाव्या गालाचा कॅन्सर. डावा जबडा व मान, ६० ग्रे, ३० सिटिंग. दात काढण्यापूर्वी रेडिएशन विभागाला फोन करणे.' खाली विभागाचा क्रमांक.